आक्कांची चुकलेली तारीख

आप्पा, तुम्ही ज्या कोर्टात टायपिस्ट होता, तिथंच आता मी कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटर शिकवते. जुन्या फायली स्कॅन करायच्या, पुढच्या तारखा भरायच्या, अडलेल्याच्या शेजारी बसायचं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचत नाही. तुमच्या कोर्टाचं कामकाज कन्नडमध्ये सुरू झालं ते दिवस आठवतात. कंग्राळीच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर खडूनं कन्नड टाइपरायटरच्या कळा काढून बसलाय. मला शाळेत कन्नड होतं, म्हणून मी तुमचं बोट धरून बरोबर अक्षरावर ठेवलं. तुम्ही हात काढून घेतलात. "तोंडानं सांग. लई वेळा चुकीन, पण माझा हात धरू नको." तेव्हापासून मी शिकवताना कुणाच्या हातातला माऊस घेत नाही.

आमच्या ऑफिसात एक क्लार्क होत्या, सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. नवरा नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी लागलेल्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. स्क्रीनसमोर बसलं की त्यांना घाम फुटायचा. "तूच भर की गं बाई," म्हणायच्या. "भरा आक्का, मी हाय न्हवं," मी म्हणायची. पण मला निपाणीच्या कोर्टात शिकवायला पाठवलं, आणि त्याच दिवसांत त्यांनी एका पोटगीच्या अर्जाची पुढची तारीख चुकीची भरली. जांबोटीची बाई, नवऱ्यानं टाकलेली. वकिलानं मोबाइलवर बघून तिला तीच तारीख कळवली. फायलीत लिहिलेल्या खऱ्या तारखेला पुकारा झाला, ती हजर नाही, अर्ज फेटाळला गेला. नंतर, आक्कांनी भरलेल्या तारखेला, ती लेकराला कडेवर घेऊन आली आणि आक्कांच्याच टेबलापुढं उभी राहून म्हणाली, "मी आलोय की ओ. आजचीच तारीख सांगितलीया."

आक्कांना नोटीस निघाली. मी साहेबांना सांगितलं, एवढ्या शिकवण्यानं सगळ्यांना जमत नाही, भरलेलं तपासायला कुणीतरी ठेवा. ते म्हणाले, "बाकीच्यांना कसं जमलं मग?" वकिलानं धावपळ केली, त्या बाईचा अर्ज पुन्हा दाखल करून घेतला. ते सांगायला मी काकतीला आक्कांच्या घरी पळत गेले. त्या सासूला पेज भरवत होत्या. राजीनामा देऊन झाला होता.

"परत घ्या आक्का, मी पाया पडते तुमच्या. रोज शेजारी बसते."

"तू चांगलंच शिकवलीस गं," त्या म्हणाल्या. "पर त्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढनं जाईना. बोटंच उचलत न्हाईत आता."

मी किती वेळ बोलत राहिले. त्यांनी वाटी विसळली, मला चहा दिला, आणि दारापर्यंत सोडायला आल्या. राजीनामा मंजूर झाला.

आप्पा, हे कुठं धाडणार मी? लिहून पर्समध्ये ठेवणार, एवढंच. आज आक्कांच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली. मी एकदाच सांगितलं, तिनं भराभरा सगळं भरलं, एकही चूक नाही. आणि मला हायसं वाटलं.