डिस्कमधली भुतं

धाकटे,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. थोरली बहीण कोण ते आठवत नसेल तर पाकीट उलटून बघ, मागे पत्ता घातलाय. मागच्या वेळी तू मला फोन केलास आणि कशाला केला ते मलाच विचारलंस, तेव्हापासून मी सगळं खुलासेवार सांगायचं ठरवलंय. गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते विचारत नाही, तू दर खेपेला वेगळा सांगतेस. माझी तब्येत ठणठणीत आहे. आठ दिवस मी संतापलेली आहे आणि संतापात माझं काही दुखत नाही. पत्र मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय. यात बोलणी तिलाच बसणार आहेत, पण लिहायला घरात दुसरं कुणी रिकामं नाही. जे सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही, अशी ताकीद दिली आहे. (लिहितेय, मावशीआजी. – नात)

तर ऐक. आमच्या यांचा आवाज गेला. माणूस जाऊन सात वर्षं झाली, आवाज गेल्या गुरुवारी गेला. माणूस गेला तेव्हा दारात चपला मावत नव्हत्या. आवाज गेला तेव्हा ही लिहिणारी एकटीच खोलीत होती आणि टाळी वाजवून म्हणाली, इन्स्टॉल झालं.

हिला नोकरीत काम काय मिळालंय तर पाण्याच्या मोटरीचा नुसता आवाज ऐकून ती कधी बिघडणार ते सांगणारं यंत्र तयार करायचं. म्हणजे आधी यंत्राला हजारो मोटरींचे आवाज ऐकवायचे, ही बरी, ही आजारी, असं शिकवत बसायचं. (मला सत्तर वर्षांत कुणी अ शिकवला नाही, आणि पत्र्याच्या डब्याला शिकवायला घरची पोर दिवसभर खपते.) हिच्या आजोबांनी जन्मभर पाणीपुरवठ्यात पंप चालवले. जिन्यातून येता येता सांगायचे, तळमजल्याच्या मोटरीचं बेअरिंग चाललंय, महिनाभर टिकेल. टिकायची महिनाभरच. त्यांना त्यासाठी कुणी डबा घेऊन दिला नव्हता.

बुधवारी खोकी आली. घरात तीन खोल्या आहेत, पण कॉम्प्युटरची जुळणी करायला जागा सापडली ती माझा पलंग. उशीवर पंखे, पायथ्याशी तारा, आणि मधोमध, मी जिथे पाठ टेकते तिथे, ग्राफिक्स कार्ड नावाची दोन विटांएवढी वस्तू. तिच्यावाचून म्हणे यंत्राच्या डोक्यात काही शिरत नाही. ती वीट डब्यात मावेना. मग डब्याच्या पोटातला एक अख्खा कप्पा उपसून काढला, त्यासाठी माझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री नेली आणि टोक मोडून परत आणली. एवढं करून बटण दाबलं तर डबा ढिम्म. दोन तास सगळं सोडलं, सगळं जोडलं, कुणाकुणाला फोन झाले. शेवटी कळलं, डब्याच्या पाठीमागे आणखी एक बटण असतं आणि ते चालूच केलेलं नव्हतं. चालू केल्यावर त्यानं पिठाच्या गिरणीसारखा आवाज काढला, आणि सुनेनं पलीकडे इस्त्री लावली तेव्हा घरातले सगळे दिवे गेले. मी खुर्चीत बसले होते. दिवसभर खुर्चीतच होते. माझ्या पाठीची चौकशी कुणी केली नाही, डबा गरम झाला का ते मात्र हात लावलावून बघत होते.

गुरुवारी हिनं आजोबांचा जुना कॉम्प्युटर उघडला, त्याची डिस्क काढली आणि या नव्या डब्यात बसवली. का, तर आवाज साठवायला जागा लागते. मग ती पुसली. पुसण्याआधी मला विचारलं म्हणते. विचारलं असेल. ज्या बाईच्या उशीवर पंखे ठेवलेत ती काय उत्तर देणार?

पुढे संध्याकाळपर्यंत पायथन. साप नाही, यंत्राशी बोलायची भाषा. एका अवजाराला जुनं पायथन लागतं, दुसऱ्याला नवं, आणि तिसरं आलं की आधीची दोन्ही रुसून बसतात. शेवटी हिनं प्रत्येकाला वेगळी खोली काढून दिली, एकाचं भांडं दुसऱ्याला लागायचं नाही. (हे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात कुणाला सुचलं असतं तर मी जावेशी आजही बोलत असते.)

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी मोटर लावायला उठले. तुला माहीतच आहे, की नाही आठवत? हे इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसून सात मिनिटं बोलून ठेवून गेले. दुसऱ्या बायकांचे नवरे चिठ्ठी लिहून ठेवतात, मला चिठ्ठीचा काय उपयोग? आधी खालचा कॉक उघड, मग खटका वर, मोटर कोरडी घरघरली तर ताबडतोब बंद कर, टाकी भरत आली की पाण्याचा सूर बदलतो, तो ऐकत उभी राहा, शेजारणीशी बोलत बसू नकोस. मध्ये माझा आवाज आहे, कळलं, कळलं, असा. त्यावर ते म्हणतात, "तुला कळलं म्हणजे कळलेलं नसतं. पुन्हा सांगतो." आणि पहिल्यापासून पुन्हा. मला ते तोंडपाठ आहे. तरी सात वर्षं रोज सकाळी, घर उठायच्या आत, हळू आवाजात लावते आणि मगच खटका ओढते. खालून तिसरं चित्र, निळी बादली. त्यांनीच माझ्यासाठी ते चित्र लावलं होतं.

शुक्रवारी बघते तर चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. डावीकडून उजवीकडे नुसती अक्षरं. मला अंगठा उठवायला लावणाऱ्या कुठल्या कचेरीनंसुद्धा माझा एवढा पाणउतारा केला नव्हता. विचारलं, माझी बादली कुठे आहे? तेव्हा हिचा चेहरा पडला.

दोन दिवस हिनं डिस्क खरवडली. मग ती घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, वरून नवं लिहिलं गेलंय, खालचं निघायचं नाही. मी जे बोलायचं ते बोलले, बरंच बोलले. जगातल्या मोटरींना कान देतेस आणि घरातला आवाज घालवतेस, असंही बोलले. ही जेवली नाही. वर काल म्हणते, आजी, आजोबांचा थोडा जरी आवाज कुठून मिळाला तर यंत्राला शिकवून नवीन बोलायला लावता येईल. मी म्हटलं, खबरदार. जिवंतपणी त्यांच्याकडून मला हवं ते एकदाही वदवून घेता आलं नाही. आता डब्यानं वदवलं तर ते खरं मानायचं का? मला तेच हवंय, तेच रागवलेलं, मध्ये खोकला आहे ते.

असो. बाकी सर्व क्षेम.

तुझी थोरली

ता. क. सगळं क्षेम नाही. कागद खाली ठेवू नकोस, आधी हे कर. हे इस्पितळात जाणार म्हणून तू आदल्या दिवशीच माझ्या सोबतीला आली होतीस. दोघींत मिळून एक तरी मोटर नीट लावेल म्हणून यांनी तेच बोलणं तार जोडून तुझ्याही फोनमध्ये घातलं होतं. तो जुना फोन, कोपरा फुटलेला. तू विसरलीस, मी नाही. तो तुझ्या शिलाई मशीनच्या खणात बटणांच्या डब्याखाली आहे, मीच ठेवला होता. चालू करून बघू नकोस. जावयाच्या हाती तर देऊच नकोस, तो आतलं सगळं पुसून साफ करतो.

ता. क. दुसरा. हिनं मला विचारलं होतं. "आजी, या जुन्या डिस्कमध्ये ठेवण्यासारखं काही आहे का?" असं, समोर येऊन, नीट. मी म्हटलं, "भुतं आहेत, हाकल सगळी." तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, मला वाचता येतं का, माझं काय असणार त्यात? बादली त्या डिस्कमध्ये राहते हे मला काय ठाऊक, मला वाटे ती पडद्यावर राहते. आठ दिवस मी बोलले, तिची आई बोलली, पण माझं ते उत्तर हिनं तोंडातून काढलं नाही. (आजी, हे लिहू का? – नात) लिही म्हटलं. जसंच्या तसं लिहायचं ठरलंय ना? आणि मग जेवायला बस.

ता. क. तिसरा. फोन पत्र्याच्या डब्यात तांदळात खोल खुपसून पाठव, म्हणजे धक्का नको आणि ओल नको. तांदूळ जुना घाल, नव्याचा भात म्हणजे चिखल. डबा काठोकाठ भर. पोर आठ दिवस धड जेवलेली नाही.