वाट पाहणारे साहेब

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे वर्कशॉपचे जुने साहेब गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. पण डेपोच्या शोकसभेत सगळ्या मेकॅनिकांतर्फे तू बोलणार, हे कळताच हातातलं काम टाकून लिहायला बसले. लहानपणापासून तुझी जीभ अडखळते, आणि तिथे भरलेलं सभागृह! कुणी हसलं तर? तू आपलं लिहून काढ, मी येऊन वाचून दाखवते. हट्ट नको.

तुझ्या काळजीने अर्धी झालेली,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

अर्धी कसली, तू चांगली दीडपट आहेस! पण येऊ नकोस. आलीस की माझं वाक्य तूच पूर्ण करणार. मी चहा मागायला तोंड उघडतो आणि तू कॉफी पुढे करतेस.

रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या बसचं दुखणं उभं राहून सांगायचं, हा साहेबांचा शिरस्ता. पहिल्याच दिवशी मी ‘गिअरबॉक्स’ या शब्दावर अडकलो. शेजारचा फिटर म्हणाला, याच्या वतीने मीच सांगतो. साहेब म्हणाले, गाडी याने उघडलीय, हाच सांगेल. आणि शांतपणे चष्मा पुसत बसले. बसेस खोळंबल्या तरी पुसतच होते. माझी एवढी वाट कुणीच पाहिली नव्हती गं. त्यांच्याबद्दल दुसऱ्याच्या तोंडून बोलू?

तुझा हट्टी,
धाकटा

२३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

जिंकलो!

मोठे अधिकारी घडाघडा बोलून बसले. मग मी उठलो. दोन वाक्यं बरी गेली आणि ‘आभार’वर जीभ रुतली. घामाने सदरा भिजला. सूत्रसंचालक मदतीला धावला, तेवढ्यात तोच जुना फिटर जागेवरून गरजला की थांबा, तो बोलतोय. सगळं सभागृह थांबलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि शब्द आला, ताई! मग मी सुटलोच. साहेबांनी एकदा बस मागे घेताना स्वतःचीच सायकल चिरडली होती, तेही सांगितलं. लोक खो-खो हसले, पण त्या गोष्टीला. साहेबांच्या पत्नी डोळे पुसत हसत होत्या. खाली उतरल्यावर मात्र मला रडू आवरेना. फार आठवण येते त्यांची.

आणखी एक. इतकी वर्षं मी पत्रं लिहितो ती हौसेने नव्हे, फोनला घाबरून. आता रविवारी संध्याकाळी फोन करतो. उचललास आणि बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तर ठेवू नकोस. मीच असेन.

लोभ आहेच, तो फोनवरही राहू दे.

तुझा,
धाकटा