गुलाबी मुठीचं रिव्हॉल्व्हर

१२ मार्च, मंगळवार

आज सवत दुकानात आली! रॉइसची नवी बायको, टॅन्सी. माझा संसार मोडून ज्या पोरीला त्याने घरात आणलं, ती. सगळ्या टेक्ससमधली बंदुकांची दुकानं ओस पडल्यासारखी नेमकी माझ्याच काउंटरपुढे उभी. "व्हर्लीनताई, अंगावर लपवता येईल असं काहीतरी दाखवा ना." ताई म्हणे! एवढा उकाडा, तरी बाह्या मनगटापर्यंत. मनगटाजवळ हिरवं-निळं दिसलंच. मला ते कुणी शिकवायला नको. त्याच्या घरात मीही लांब बाह्या घालूनच राहिले.

तीन मांडली. पहिलं मधल्या आकाराचं पिस्तूल, माझ्या कमरेला आहे तसलंच. जरा जाड, शर्टाखाली फुगवटा दिसतो. पण जड म्हणून धक्का कमी, चाप हलका, गोळ्याही भरपूर. नवख्या बाईने डोळे झाकून हेच घ्यावं. दुसरं चपटं, चिमुकलं. तळहातात मावतं, पण गोळी चढवायला वरची स्लाइड मागे ओढताना चांगले गडी तोंड वाकडं करतात. तिसरं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, गुलाबी मुठीचं. उचललं तर हातात काही आहे असं वाटत नाही. लपवायला याच्यासारखं दुसरं नाही — आणि झाडायला याच्याइतकं वाईटही नाही! चाप असा घट्ट की मला दोन बोटं लावावी लागतात. बार उडालाच तर खेचरासारखी लाथ मारतं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर कोणतं घेतलं असतं?"

तिच्या जागी! तिच्या जागी मी होतेच की!

"गुलाबी," म्हटलं. "तुला शोभेल."

मालक ओडेल मागून खिंकाळला, "बायकांना काय, पर्सला मॅच झालं की झालं!"

गिऱ्हाइकाला रिकाम्या हत्याराचा चाप ओढून बघायला लावायचा, हा आमचा नियम. लावला नाही. मागच्या मैदानात पहिल्या चार गोळ्या फुकट झाडू देतो. "आज बंद आहे," म्हणून मोकळी झाले. जीभ जराही अडखळली नाही. घरी येताना गाडीत गाणं म्हणत होते. बरी खोड मोडली!

१४ मार्च

झोप छान लागतेय. उगाच लिहून ठेवते.

१७ मार्च, रविवार

चर्चचं जेवण. आमच्यात अर्धी मंडळी कमरेला पिस्तूल लावूनच प्रार्थनेला येतात, पास्टरसुद्धा. टॅन्सीची पर्स खुर्चीला लटकलेली आणि बाईसाहेब पार तिकडे बटाट्याचं सॅलड वाढतायत. अगं बये, पर्समध्ये ठेवायचं तर पर्स अंगाला नको का? सांगितलं नाही. शेजारच्याच खुर्चीवर रॉइस भाजलेलं मटण हाणत होता.

त्याला कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. ते माझ्यामुळे! त्याने माझा हात मोडला, मी कोर्टात उभी राहून सगळं सांगितलं, जजने त्याची सगळी हत्यारं काढून घेतली. हरणांच्या मोसमात घरी बसणारा पुरुष — गावात तोंड दाखवायची चोरी! तेव्हा दारातून वळून म्हणाला होता, "व्हर्लीन, हे मी विसरणार नाही." तेव्हापासून मी कमरेला लावल्याशिवाय कचरासुद्धा टाकायला जात नाही. आज मला बघून त्याने प्लेट उंचावली आणि हसला. हस, मेल्या.

१९ मार्च

विकलं तिला. पण गेलं कुणाच्या घरात? ... छे! तिने लपवलं असेल. लपवायलाच तर घेतलंय.

२१ मार्च, गुरुवार

टॅन्सी आली. काळा चष्मा, ओठ फुटलेला. "काय गं, कपाटावर आपटलीस?" मीच विचारलं. मला गावाने हेच विचारलं होतं.

काउंटरवर वाकून कुजबुजली, "काल काढलं मी ते. पण चाप हलेचना, ताई! दोन्ही हातांनी ओढला. तो समोर उभा राहून हसत होता. मग सहज काढून घेतलं माझ्या हातातून."

"कुठंय आता?"

"त्याच्या कमरेला. म्हणतो, असल्याचं कळतसुद्धा नाही." मग नाक पुसलं. "माझंच चुकलं. माझ्या बोटांत जोर नाही."

तिचा तो पडलेला चेहरा बघून गोड वाटलं. वाटलं! इथे खोटं कशाला लिहू? पण शेरिफला कळवायला हवं होतं. कळवलं तर पहिला प्रश्न — चाप ओढून बघायला लावला होता का? "सराव कर," एवढंच म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. सराव कशाने करणार होती, देव जाणे.

२२ मार्च, सकाळ

टॅन्सीचा फोन आला, हॉस्पिटलमधून. धाप लागलेली. "ताई, दारं लावून घ्या. आता व्हर्लीनची पाळी म्हणत निघालाय, ते घेऊन. शेरिफला नंतर करते, आधी तुम्हाला केला. तुमच्याइतकं चांगलं माझ्याशी कुणी वागलं नाही हो."

शेरिफला मग मीच फोन केला. त्याची माणसं निघाली आहेत म्हणे. माझं पिस्तूल मांडीवर ठेवून लिहीत बसलेय. फाटकाशी गाडी थांबली.

रॉइसच्या बोटांत जोर आहे.