शेवटच्या कापातला ताण

मी, वय वर्षे चौपन्न, धंदा लेथवर लोखंड कातणे, डोकं ठिकाणावर आणि चहाखेरीज कशाचाही अंमल नसताना लिहून ठेवतो. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात कुणी हवं ना.

१. राहती खोली धाकट्या बहिणीला. भिंतीला ओल आहे. तक्रार ऐकायला मी नसेन.

२. बँकेतली शिल्लक भाचीच्या शिक्षणाला. मामा कसा होता असं तिनं विचारलं, तर "कमी बोलायचा" एवढंच सांगावं.

३. हत्यारं आमच्या कारखान्यातल्या फिटरला. "उद्या देतो" म्हणून नेलेला माझा माप घ्यायचा व्हर्नियर सहा वर्षं त्याच्याकडे आहेच, बाकीचंही न्यावं.

४. खणात फडक्यात गुंडाळलेला, पंपाचा मोडका शाफ्ट आहे. तो मागच्या गल्लीत राहणाऱ्या, कारखान्यातल्या जुन्या तपासनीसाला, म्हणजे आमच्या मायक्रॉनला (केसभर चूकही सोडत नाही म्हणून हे नाव).

अकरा वर्षांपूर्वी तो मीच कातला. टूलची धार गेली होती, बदलायचा कंटाळा केला. बोथट टूलनं शेवटचा काप घेतला की धातू कापला कमी जातो, ओरबाडला जास्त. धातूची वरची कातडी तापते आणि निवताना ताण धरून बसते. वरून पॉलिश पेपर मारून मी आरसा केला.

मायक्रॉननं मोजलं. "माप चोख आहे, राजा. टूल बदललंस ना?"

"बदललं की!"

ताण काही मापात सापडत नाही. सात महिने फिरून शाफ्ट मोडला, पंपवाल्याची तीन बोटं गेली. साहेब गरजले, "पास कुणी केला?" मायक्रॉनची नोकरी गेली. मी खाली मान घालून पुढचा जॉब बांधत होतो. तेव्हापासून त्याची गल्ली टाळून लांबून घरी येतो.

दोष माझा. या कलमाची नक्कल साहेबांना द्यावी.

५. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. पण मायक्रॉन माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. माझ्या मरणाची वाट पाहत तोच आधी गेला तर? शाफ्ट आजच नेऊन देतो.

ताजा कलम: वस्तू पोचली. मायक्रॉननं चष्मा लावून मोडलेल्या तोंडावरच्या रेघा पाहिल्या. तडा कातडीपासूनच निघालेला. "हं," म्हणाला. माझ्याबरोबर खोलीवर आला, चहा नको म्हणाला. साहेबांसाठीची नक्कल स्वतःच्या खिशात घातली. कलम चारमधली देणगी रद्द. आता या मृत्युपत्रातून त्याला काही मिळत नाही, म्हणून साक्षीदार चालतो, हे त्यानंच सुचवलं.

लिहून ठेवणार: लेथवाला (सही)

साक्षीदार पहिला: खालचा सलूनवाला (न वाचता सही)

साक्षीदार दुसरा: मायक्रॉन, माजी तपासनीस (दोनदा वाचून सही)

ठिकाण: राहती खोली

तारीख: चौदा नव्हे, पंधरा. चूक मायक्रॉननं काढली.