पाचही मॉडेल पास

३ मार्च
आजपासून क्वालिटी इन्स्पेक्शन माझ्याकडे. आमची कंपनी कानाच्या मशीनचं सॉफ्टवेअर बनवते. मूळ प्रोग्रॅम एकच, त्यातली फीचर्स कमी-जास्त करून पाच मॉडेलं निघतात. मॅडम म्हणाल्या, पाचही वेगवेगळी तपासा. मी फक्त सगळ्यात महागडं तपासणार. बाकीच्यांत त्यातलंच कमी. कमी असलेल्यात चुका जास्त कुठून येणार? एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये!

७ मार्च
महागडं पास. म्हणजे पाचही पास. सही ठोकली. निवांत चहा.

१० मार्च
बाबांसाठी सगळ्यात साधं मॉडेल आणलं. त्यांच्या फोनलाही जोडून दिलं. मुलाने स्वतः तपासलंय, असं बाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत.

१८ मार्च
बाबा हल्ली मध्येच ऐकेनासे होतात. बायको म्हणते, मशीन बंद पडत असेल. शक्यच नाही, पास आहे. बाबा सोयीचं तेवढंच ऐकतात. उद्यापासून मोठ्याने बोलणार नाही. शेजारच्या खोलीतून अधूनमधून फोन करून परीक्षा घेणार.

१९ मार्च
ओरडून घसा बसला.

२५ मार्च
लेक आजोबांना कविता म्हणून दाखवणार होती. बाबांचं लक्ष राहावं म्हणून आधी एक टेस्ट कॉल दिला. तरी ते खिडकीबाहेरच बघत बसले. पोर रडली. बाबांना चांगलंच सुनावलं. त्यांनी तेही ऐकलं नाही.

२ एप्रिल
साध्या मॉडेलच्या तक्रारींची रीघ. मॅडमनी स्वतः तपासलं. जोडलेला फोन वाजला की मशीन गाण्यांच्या मोडवर जायला बघतं. साध्या मॉडेलमधून तो मोड काढलेला. मग बंद करून चालू करेपर्यंत ते गप्प. मॅडम म्हणाल्या, काढलं तिथेच तर बघायचं होतं. मी विचारलं, नसलेली गोष्ट कशी बघणार? मुद्दा बिनतोड होता. इन्स्पेक्शन काढून घेतलं.
म्हणजे फोन करकरून बाबांना बहिरं करणारा मीच. फार वाईट वाटतंय.

३ एप्रिल, संध्याकाळ
बाबांजवळ बसलो. सांगितलं, चूक सिस्टिमची आहे. मग म्हटलं, थोडी माझी. मग सगळीच माझी, हेही सांगून टाकलं. रडू आवरेना. बाबांनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, मशीन झकास चाललंय, तू तपासलंयस म्हटल्यावर काळजीच नाही.
मशीन टेबलावर पडलं होतं.