शेवटच्या ओळीतला खालचा सूर

मिस, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा संशय काही गेला नाही. मी मुळातच संशयी. द्राक्षाच्या पेटीतलाही खालचा थर उपसून बघते. त्यात परवा माझ्याकडे पियानो शिकायला येणाऱ्या दंतवैद्य बाईंनी तुम्ही शिकवलेल्या त्या रचनेच्या नव्या छापील आवृत्तीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, इथे खाली एक सूर आहे. तुमच्या झेरॉक्समध्ये तो दात पडलाय का?"

माझी झेरॉक्स तुमच्याच पुस्तकाची, शरणपूर रोडच्या घरी तुम्हीच हातात दिलेली. तिच्यावरून तयारी करून मी मुंबईला परीक्षेला गेले. परीक्षकांनी विचारलं, शेवटचा खालचा सूर कुठे गेला? "आमच्या आवृत्तीत नाही," मी ठणकावून सांगितलं आणि ते हसले. परत आल्यावर तुमच्या घरी येऊन सांगितलं, तर कढईतली भजी उलटत, वर न बघता तुम्ही म्हणालात, "आपल्या आवृत्तीत नाही म्हणजे नाही." तिथेच पाल चुकचुकली. तुम्हाला नोटेशन धड वाचता येत नाही, असं मी तेव्हापासून धरून चालले. मग तुम्हीच शिकवलेल्या माझ्या वाचनावर तरी कसा भरवसा ठेवायचा?

म्हणून हट्टाने आणखी दोन आवृत्त्या मागवल्या. जेवणाच्या टेबलावर पसरून ओळ न् ओळ ताडून पाहिली. बोटांचे आकडे वेगळे, जोडरेषा वेगळ्या, एकीत हळू तिथे दुसरीत जोरात. या संपादकांचं एकमेकांशी कशावर म्हणून पटत नाही. एकमत फक्त त्या सुरावर. म्हणजे तो तुम्हीच पुसला होतात.

जाब विचारायला तुम्ही नाही, म्हणून देवळालीला तुमच्या भाच्याकडे गेले. तुमचा पियानो आता त्याच्याकडे आहे, वर कुंड्या. त्या सुराची पट्टी दाबली. खट्. नुसतं लाकूड.

"ती होय? ती कधी वाजलीच नाही," भाचा म्हणाला. "आत्या झेरॉक्स काढायच्या आधी तिथे व्हाइटनर लावायची. म्हणायची, पोरांना वाटायला नको, आपला पियानो अधू आहे."

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग. एका शब्दाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी काय तुमच्या पियानोला नावं ठेवली असती? ठेवली असती, कदाचित.

दंतवैद्य बाई आता तो सूर वाजवतात. त्यांच्यासमोर मीही वाजवते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा इथेच राहील. पण एक सांगते, मिस. एकटी असले की मी तो सोडते, आणि मला काहीच कमी पडल्यासारखं वाटत नाही.