न उलटलेले पान

माय,

कॅलेंडरच्या पाठीमागे ही अक्षरे मुद्दाम मोठी काढली आहेत, म्हणजे तुला खिडकीशी नेऊन वाचता येतील. तुझा तडा गेलेला चष्मा घेऊन मी पहिल्या एसटीने बुलढाण्याला निघालो आहे. नव्या काचा बसवूनच परतेन.

पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाल्यापासून तू रोज संध्याकाळी विहारात बायांना ग्रंथ वाचून दाखवतेस. काल मी तुझ्याजवळ बसलो होतो. तू पुढच्या पानावरचे वाचत होतीस आणि बोट मागच्याच पानावर फिरत होते. सारा ग्रंथ तुला पाठ आहे, हे मला काल कळले. तुझ्या आवाजात कुठेही अंधार नव्हता.

माझ्या कवितांच्या पुस्तकांना तू गरज म्हणालीस आणि स्वतःच्या चष्म्याला, "हौस हाय ते, मले काऊन पाह्यजे?" ही वाटणी मला मान्य नाही, तरी तुझ्यापुढे मान लवते.

भाकरी टोपलीत झाकली आहे. तांदूळ निवडू नकोस, आल्यावर मी निवडतो.

मला उशीर झाला तर वाचन सुरू कर. फक्त अधूनमधून पान उलटत जा, नाहीतर बाया ओळखतील.

तुझा
धम्मदीप